आईची सीडी आणि बाबांचा कायदा

...नाही, नाही, तुम्ही बसा हो, तुम्हीच न्याय करा! मला फक्त एवढंच सांगा, की दुकानातून, दिवसाढवळ्या, चारचौघांसमोर विकत आणलेली वस्तू कुणाची? आपली! बरोबर? खुर्ची विकत घेतली, तिच्यावर बसा, उभे राहा, पाय कापून स्टूल करा, दुकानदार विचारायला येतो का? चपला घेतल्या, डावी उजवीत आणि उजवी डावीत घालून गावभर फिरा, लोक हसतील, पण पकडून नेणार नाहीत! मग सीडीनंच असं काय घोडं मारलंय? विकत घेतलंय हो आम्ही! चोरून नाही आणलेलं, मागून नाही आणलेलं, विकत घेतलंय! आणि तरीसुद्धा माझ्याच घरात, माझ्याच बापासमोर, मी आरोपी!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस जन्मतःच चिडका आहे. तर, माझ्या आईकडे सीडींचा एक सेट आहे. श्रुतिका. म्हणजे ऐकायचं नाटक. त्यात एक निवृत्त पोस्टमास्तरीण आहे आणि ती खून शोधून काढते. प्रत्येक सीडीला एक खून. गाव एवढंसं, आणि सीडींची चळत ही एवढी! मी एकदा आईला म्हटलं, "आई, अगं त्या गावात अजून माणसं शिल्लक कशी? पोस्टात पत्रं टाकायला तरी कोण उरलंय?" तर म्हणाली, "तू तुझी झेरॉक्स काढ." आईला आता वाचायला दिसत नाही, टीव्हीवर नुसत्या सावल्या दिसतात, म्हणून रोज दुपारी जेवण झालं की ती प्लेअर लावते आणि पोस्टमास्तरणीबरोबर खून करायला... म्हणजे शोधायला निघते. सगळे खुनी तिला पाठ आहेत. तरी प्रत्येक वेळी शेवटी "बाई बाई बाई, हा निघाला!" म्हणून तोंडावर हात ठेवते.

आणि बाबा? बाबा त्या वेळी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. "कसला हा मूर्खपणा! पोस्टातल्या बाईला पोलीस ठाण्यात आत सोडलंच कसं?" बाबा वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त झाले म्हणतात, पण मला नाही वाटत. अख्ख्या बाजारात त्यांचा दरारा होता, बाबा कोपऱ्यावर दिसले की दुकानदार आपणहून चिमूटभर जास्त घालायचे, आणि बाबा ते जास्तीचंही परत काढायला लावायचे! "जास्त हेसुद्धा चूकच." मी आणि माझी ताई लहान असताना एक सफरचंद अर्धं अर्धं खायचं असलं की आधी तराजू बाहेर निघायचा. वजन बरोबर होईपर्यंत सफरचंद काळं पडायचं. असा माणूस! आणि अशा माणसाच्या पोटी मी आलो, माझं झेरॉक्सचं दुकान. कॉलेजच्या समोर.

हसू नका! दुकान टाकलं त्या दिवशी बाबा आले, मशीन पाहिलं, काउंटरवर हात फिरवला, आणि बाहेर पाटी लावून गेले : 'संपूर्ण पुस्तकाची प्रत काढून मिळणार नाही.' झालं! आता कॉलेजची मुलं काय करतात? अर्धं पुस्तक सकाळी काढतात, अर्धं संध्याकाळी! बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "अर्धं चालतं. संपूर्ण नाही." म्हणजे माझा सगळा धंदा अर्ध्याअर्ध्यानं चाललाय, पण अगदी कायदेशीर हं!

तर तुम्हाला सांगतो, आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड गेलं. ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं, डॉक्टर खूश, आम्ही खूश, आणि मग आईला हलवलं दुसऱ्या वॉर्डात, म्हणजे जिथे नुसतं पडून राहायचं आणि चालायला शिकायचं, तिथे. तिथे व्यायाम घेणाऱ्या एक बाई आहेत, आम्ही त्यांना ड्रिलमास्तर म्हणतो. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. "हे बघा, आत्ताचे हे दिवस महत्त्वाचे. आत्ता उठून चालल्या तर चालतील. आत्ता पडून राहिल्या, तर कायमच्या पडून राहतील. मग मला सांगायला येऊ नका." आणि आई काय करते? भिंतीकडे तोंड करून पडून राहते! ऊठ म्हटलं, "दुखतंय." खा म्हटलं, "नको." बोल म्हटलं, "काय बोलू?" माझी आई! जी शेजारणीशी दारातून निरोप घेताना आणखी तासभर बोलते, ती म्हणते काय बोलू!

मग एकदा हळूच म्हणाली, "माझी माणसं नाहीत रे इथे." म्हटलं, आम्ही आहोत की! "तुम्ही आहात रे. पण दुपारी..." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोस्टमास्तरीण! मी लगेच घरी जाऊन प्लेअर उचलला, सीडी घेतल्या, पिशवीत घालून वॉर्डाच्या दारात. तर नर्स आडवी! "हे काय आहे?" प्लेअर. "बाहेरचं विजेवर चालणारं काहीही आत चालणार नाही." अहो, आवाज बारीक ठेवू! "चालणार नाही." मग काय चालेल? "फोन चालेल." आणि कानात घालायचं? "तेही चालेल."

मग काय अडचण होती, सांगा! सीडी कॉम्प्युटरमध्ये टाकायची, आवाज उतरवून घ्यायचा, फोनमध्ये घालायचा, आईच्या कानात घालायचा, आई उठणार, चालणार, विषय संपला! मी घरी येऊन सीडी कॉम्प्युटरच्या तोंडात घातली मात्र... मागून आवाज. "काय करतोयस?"

बाबा!

म्हटलं, आईसाठी उतरवून घेतोय. "म्हणजे कॉपी?" हो, कॉपी. "संपूर्ण?" आता श्रुतिकेची अर्धी कॉपी काय करायची? खून ऐकायचा आणि खुनी सोडून द्यायचा? "संपूर्ण," म्हटलं. बाबांनी सीडीचं कव्हर उचललं, भिंग आणलं, आणि मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात जे छापलेलं असतं ना, जे छापणाऱ्यानंही वाचलेलं नसतं, ते मोठ्यानं वाचलं. परवानगीशिवाय प्रत काढणे, साठवणे, प्रसारित करणे अमुक तमुक. "ही चोरी आहे. या घरात होणार नाही."

बाबा, विकत घेतलंय हो आपण!

"सीडी विकत घेतली आहेस."

मग?

"आवाज नाही."

तुम्हाला सांगतो, मला वाटलं ऑपरेशन आईचं झालं आणि भूल बाबांना दिली! माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मग अर्धी तुम्ही काढा आणि अर्धी मी काढते. अर्धं चालतं ना बाबांना?" मी म्हटलं तू गप्प बस. हे मी का म्हटलं, देव जाणे, कारण त्या घरात तेव्हा अक्कल फक्त तिच्याकडे शिल्लक होती.

पण एवढ्यावर ऐकेल तो मी कसला? माझा मेव्हणा वकील आहे. घरमालक आणि भाडेकरू यांची भांडणं लढतो, कधी इकडून, कधी तिकडून. त्याला गाठला. म्हटलं, तूच सांग बाबांना, स्वतःच्या सीडीची स्वतःच्या आईसाठी कॉपी काढली तर गुन्हा आहे का? त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. या माणसांनी चष्मा काढला ना, की समजायचं उत्तर मिळणार नाही. म्हणाला, "त्याचं असं आहे भाऊजी, काही ठिकाणी चालतं. काही ठिकाणी चालत नाही." आणि आपल्याकडे? "आपल्याकडे... मतं आहेत." कुणाची? "दोन्ही बाजूंची." अरे, मग तुझं काय? "माझं मत मी कुणाच्या बाजूनं उभा आहे त्यावर असतं." बरं, माझ्या बाजूनं उभा राहा! उभा राहिला. म्हणाला, "तुमच्या बाजूनं बघितलं, तर स्वतःपुरती कॉपी काढायला कदाचित हरकत नसावी." मी उडी मारली! "पण भाऊजी, त्या सीडीला कुलूप आहे. कॉपी होऊ नये म्हणून कंपनीनं घातलेलं. कॉपीला हरकत नसेल, पण कुलूप तोडायला असेल." म्हणजे कपाट माझं, कपड्यांवर हक्क माझा, पण कपाट उघडायचं नाही? "अगदी बरोबर समजलात!" म्हणाला, आणि वर आनंदानं माझा हात हातात घेऊन हलवला!

विकत घेतलंय हो आम्ही!

मग बाबाच म्हणाले, "एवढं वाटतंय तर कंपनीला विचार. परवानगी दिली तर खुशाल काढ." लावला फोन. स्पीकरवर, कारण बाबांना पुरावा लागतो. पलीकडे एक मुलगी, आवाज असा गोड की साखर खाल्ल्यासारखा.

"सर, आपण सीडी खरेदी केली आहे, त्यातील ध्वनी खरेदी केलेला नाही."

मग मी काय घेतलं, ताटली?

"आपण ऐकण्याची परवानगी घेतली आहे सर."

कुठे ऐकण्याची?

"कुठेही सर!"

हॉस्पिटलात?

"नक्कीच सर!"

मग फोनवर उतरवून घेऊ?

"नाही सर."

मग ऐकायचं कसं?

"सीडी प्लेअरवर सर."

तो तिथे चालत नाही!

"त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत सर."

बरं बाई, मग फोनवर चालणारी दुसरी द्या, पुन्हा विकत घेतो! हरलो मी, पण घेतो!

"ती आता उपलब्ध नाही सर. आम्ही ती मालिका काढून टाकली आहे."

म्हणजे तुम्ही विकणार नाही, आणि मला करू देणार नाही, तर माझ्या आईनं करायचं काय?

"आणखी काही मदत करू शकते का सर?"

आणखी! आणखी म्हणाली! बाबा मात्र मान हलवत होते. "मुलगी शहाणी आहे. नियम पाठ आहेत तिला." मी म्हटलं, बाबा, तिकडे आई भिंतीकडे तोंड करून पडलीय, तुम्हाला नियमांचं पडलंय! चालली नाही तर काय करणार आहात? आवाज चढला माझा, चढायला नको होता. बाबांनी भिंग खिशात घातलं आणि ते आत गेले. मला वाटलं रुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बायकोवर टाकून मी घरी आलो, तर काय बघतो? बाबा प्लेअरसमोर! स्टुलावर ताठ बसलेत, हातात फोन, आणि फोनचं तोंड स्पीकरला चिकटवून धरलंय. मला म्हणाले, "शूऽऽ! तिकडे तुझी आई ऐकतेय." म्हटलं, बाबा, हे काय? "सीडी प्लेअरवर लावली आहे. कुठेही ऐकायची परवानगी आहे. ती तिथे ऐकतेय. प्रत कुठे झाली? दाखव." आणि 'प्रसारित करणे' होतं ना त्या कव्हरवर? "एका माणसाला ऐकवलं तर त्याला प्रसारण म्हणत नाहीत. बायकोशी फोनवर बोलणं म्हणतात."

रोज! रोज दुपारी! जो माणूस इतकी वर्षं त्या पोस्टमास्तरणीच्या आवाजानं खोली सोडून जायचा, तो दंड आखडेपर्यंत फोन धरून बसला. आणि नुसता बसेल तर बाबा कसले! मध्येच खोकायचे. मध्येच फोनमध्ये तोंड घालून, "लक्ष दे, हा माणूस खोटं बोलतोय." मध्येच, "हे काय माप झालं? बाटलीभर विष म्हणे! किती मापाची बाटली?" एकदा तर सीडी थांबवून तिकडे फोनवर भांडले, "माळी नाही, डॉक्टर! पैज!" आई तिकडून ओरडते, "अहो मला माहितेय कोण आहे, चालू करा!" आई! ओरडते!

आणि वॉर्डात काय झालं ऐका. आई कानात घालून ऐकायला लागली, तशी शेजारच्या पलंगावरची म्हणाली, आम्हालाही ऐकू दे की, मोठ्यानं लाव. आईनं बाबांना विचारलं. बाबा उडालेच! "अजिबात नाही! वॉर्डभर ऐकवलंस तर तो सार्वजनिक प्रयोग होईल!" मग? "ऐकलेलं सांगायला हरकत नाही. सांगणं म्हणजे कॉपी नव्हे." आई मग ऐकून सांगायला लागली. पण पडून सांगायला तिला जमेना, खून म्हटला की हातवारे आले, म्हणून उठून बसली, मग उभी राहिली, मग वॉकर धरून चालत चालत सांगायला लागली. आणि ही चालायला लागल्यावर ज्यांना पुढचं ऐकायचं त्यांना मागून चालणं आलं! ड्रिलमास्तर वॉर्डात येऊन बघतात तर कॉरिडॉरमधून वॉकरची ही वरात, पुढे माझी आई, मागे सगळे खुबे आणि गुडघे, आणि आई सांगतेय, "...आणि तिनं टपालाची पिशवी उघडली, तर आत हात!" ड्रिलमास्तर मला म्हणाल्या, "तुम्ही काय केलंत?" म्हटलं, काही नाही हो, कायदा पाळला.

इथे संपलं असतं तर मी तुमच्यासमोर बडबडत कशाला बसलो असतो? पण बाबांचा खांदा धरला. हात वर जाईना. तरी ऐकेनात, डावा हात दुखला की उजवा. मला बघवेना. एकदा मी आणि बाबा याच्यावरून भांडत असताना बायको आली आणि माझ्या हातात फोन ठेवला. "घ्या. सगळा सेट आहे यात. उतरवून घेतला." कधी? "तुमचं आत्ता चाललेलं भांडण सुरू झालं तेव्हा मी सुरुवात केली होती, असं समजा." आणि कुलूप? "होतं म्हणे," म्हणाली, "मला दिसलं नाही." हे सगळं तिनं माझ्या कानात सांगितलं, बाबांना ऐकू गेलं नाही. कारण बाबा तेव्हा परत फोनमध्ये तोंड घालून माळ्याच्या बाजूनं साक्ष देत होते.

मी धावत वॉर्डात. आई, घे! आता फोन धरायला नको कुणी, वेळ बघायला नको, सकाळी ऐक, संध्याकाळी ऐक, आवाज बघ कसा स्वच्छ! आईनं कानात घातलं. ऐकलं. काढलं. "हे नको."

का? काय झालं? खरखर येतेय का?

"नाही रे, चांगलं आहे." मग? "यात तुझे बाबा खोकत नाहीत."

मला काही कळेना. ती चादरीची शिवण ओढत म्हणाली, "इतकी वर्षं म्हणत होते, अहो, बसा की माझ्याजवळ घटकाभर, ऐका. कधी बसले नाहीत. आता रोज बसतात. तुझ्या या मशीनमध्ये ती एकटीच बोलते रे." मग जरा वेळानं, "ते फोनवरचं रेकॉर्ड करता येतं ना? ते करून दे. खोकल्यासकट."

आता बोला! मी घरी येऊन बाबांसमोर उभा. म्हटलं, आईला तुमचा खोकला हवाय. रेकॉर्ड करू? बाबा खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नाही आमच्याकडे, समोरच्या इमारतीची भिंत आहे. मग घसा खाकरून म्हणाले, "श्रुतिका कंपनीची आहे. खोकला माझा आहे. परवानगी नाही."

अहो बाबा!

"परवानगी नाही म्हणजे नाही. तिला सांग, मूळ प्रत घरी आहे. यायचं, आणि ऐकायचं."

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी हा निरोप सांगितला आणि त्यानंतर ती बाई पायऱ्यासुद्धा चढून दाखवायला लागली! ड्रिलमास्तर "सावकाश, सावकाश" म्हणत मागे, आणि ही पुढे! आली घरी. काठी टेकत, पण आपल्या पायांनी आली. दुपारी प्लेअर लागला, दोन खुर्च्या शेजारी शेजारी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं चला, सुटलो!

सुटलो? कसला सुटतोय! तिसऱ्या खुनाच्या आतच आतून आवाज, "अहो, गप्प बसा ना जरा, ऐकू द्या!" "मी काय केलं?" "खोकताय कशाला सारखे!" "हा डॉक्टर खोटं बोलतोय म्हणून सांगतोय." "माहितेय मला!" आणि एकदा बाबा पाणी प्यायला उठले, तशी आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं. हळूच म्हणाली, "ती तुझ्या बायकोनं केलेली आहे ना रे अजून? ती बिनखोकल्याची?"

आता रोज दुपारी आमच्या घरी काय चालतं सांगू? प्लेअरवर कायदेशीर सीडी. शेजारी कायदेशीर नवरा, खोकतोय, पैजा लावतोय. आणि आईच्या एका कानात, केसांच्या आड, ती बेकायदेशीर! नवराही हवा, शांतताही हवी, आणि खुनीही नीट ऐकू यायला हवा. चोरीचा माल पुरवणारा मी, माल बनवणारी माझी बायको, आणि धाक कुणाचा, तर हयातभर तराजू तपासलेल्या माणसाचा! विकत घेतलंय हो आम्ही, आणि तरी माझ्याच घरात मी चोरासारखा ते चार्ज करतोय!

परवा बाबांनी मला बाजूला बोलावलं. माझा तर जीवच गेला, म्हटलं, पकडलो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या आईच्या त्या बाजूच्या कानात काय असतं, ते मी बघितलेलं नाही. बघितलं तर मला कारवाई करावी लागेल. म्हणून माझी खुर्ची दुसऱ्या बाजूला लावून दे."

काय करतो? दिली लावून.